पाऊण तास आणि दोन हंडे

माझी तक्रार लहान आहे. लहान आहे म्हणूनच ती आजवर कुणी पूर्ण ऐकून घेतलेली नाही. मला रोज सकाळी चालायला पाऊण तास हवा आहे आणि घरामागच्या परसात भाजी लावायला दोन हंडे पाणी हवं आहे. शहापुरात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आईने याहून कमी काय मागावं? तरी या दोन गोष्टींच्या आड घरातले, शेजारचे, नात्यातले, रस्त्यावरचे असे सगळे येतात, आणि आपण हिच्या भल्याचंच करतो आहोत अशी प्रत्येकाची खात्री असते.

वजन का वाढलं ते मला ठाऊक आहे, आणि ते आळसाने वाढलेलं नाही. माझी आई मुरबाड तालुक्यातली, सरळगावच्या पुढच्या गावातली. सासूबाई इथल्याच, किन्हवलीकडच्या. दोघींनी उभा जन्म शेतात काढला. उन्हाळ्यात राब भाजायचे, पाऊस पडला की दिवसभर चिखलात वाकून आवणी करायची, कापणीला भारे वाहायचे, मध्ये लाकूडफाटा आणि पाणी होतंच. अशी जड कामं करणाऱ्या बाईला दिवसाला २,७२० उष्मांक लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा हिशेब सांगतो. बसून काम करणाऱ्या बाईला लागतात १,६६०. मी एका पतपेढीत काउंटरमागे बसते. तांदळाची एक मोठी भाकरी दोनशे उष्मांकांची धरली, तर आई आणि मी यांच्यामध्ये रोजच्या पाच भाकऱ्यांचं अंतर आहे. काम एका पिढीत बदललं. ताट मात्र आवणीच्या दिवसांतलंच राहिलं आहे, आणि ते कमी करायला घेतलं की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात.

"भाकरी खाऊन कुणी जाड होतं का गं? आम्ही काय कमी खाल्ली?" सासूबाई म्हणतात. त्यांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. त्या खात तेवढं त्या शेतात खर्च करत होत्या. मी हे आकडे त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. यात प्रेम आहे, हे मला कळतं. पण प्रेमानेच वाढलेली ती अर्धी भाकरी रोजची आहे, आणि ती नको म्हटली की दुपारपर्यंत घरात कुणी नीट बोलत नाही.

त्याहून मोठी तक्रार उरलेल्या अन्नाची आहे. मुलाने अर्धी टाकलेली पोळी, मुलीच्या ताटातला कालवलेला भात, टोपाच्या तळाशी राहिलेली वाटीभर भाजी, डब्यातून परत आलेला उपमा, हे सगळं शेवटी माझ्याकडे येतं. कुणी सांगत नाही, पण सगळे उठून जातात आणि ते ओट्यावर राहतं. अन्न टाकू नये हे मला शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते वाचवण्याचं काम घरातल्या पाच पोटांपैकी एकाच पोटाकडे का असावं? मुलाचं उष्टं त्याच्या वडिलांना वाढलं तेव्हा ते म्हणाले, "हे मला कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना विचारलं. अजून मिळालेलं नाही.

घराबाहेर चहा आहे. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं आणि चहा घेतला नाही, तर तो अपमान धरतात, आणि बिनसाखरेचा मागितला तर दुखणं धरतात. "शुगर झाली का काय वहिनी?" असं विचारून मग चारचौघींत ती बातमी होते. एका चमच्यात साधारण वीस उष्मांक, कपात दोन-तीन चमचे. श्रावणातल्या पूजा, गणपती, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीचं हळदीकुंकू, पौषात म्हशाच्या जत्रेतून येणारी मिठाई, मग लग्नसराई. प्रसादाचा शिरा नाकारणं तर देवाशीच वाकडं घेणं. मी देवाला मानते. देवाला चमचाभर शिरा पुरतो हेही मानते. द्रोण भरून देण्याचा आग्रह माणसं करतात.

आणि मग शेरे. वजन वाढलं तेव्हा म्हणाले, "अंगाला लागलंय हं सासर." दोन किलो उतरलं तेव्हा माझी चुलत नणंद भर मांडवात म्हणाली, "बारीक झालीस गं, आजारी हायेस का?" बाईच्या वजनावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मला सर्वांत जास्त लागतं. पुरुष वीस किलोंनी वाढला तरी त्याला शेठ म्हणतात.

डॉक्टरांकडे गेले तर तिथेही अर्धं मिनिट. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. वजन जास्त आणि रक्त कमी हे एकाच बाईत कसं, असं घरी सगळ्यांना वाटलं. पण ते सर्रास असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या आणि ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. ताटात भात-भाकरी भरपूर आणि डाळ, पालेभाजी, फळ नावाला, असं असलं की दोन्ही एकदम होतं. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा, भाज्या खा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कोणत्या वेळेत कमी करू आणि कुठून आणून खाऊ, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं.

वेळेचं सांगते. मिस्टर आसनगावहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातात, म्हणजे त्यांचा डबा त्याआधी. मग मुलांचे डबे. नळाला पाणी येतं ते याच वेळात, आणि ते भरून घेणं हे माझं काम, कारण "तू उठलेलीच असतेस." डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळाच जेवण आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं असं सांगितलं, तेव्हापासून महाराष्ट्रात घरोघरी त्यावर चर्चा झाली. आमच्याही घरी झाली. चर्चा झाली ती दोन वेळा काय खायचं यावर. पंचेचाळीस मिनिटं माझ्या वाट्याला कुठून येणार, हा विषय निघाला नाही. शेवटी मी ती स्वतःच काढली. पाणी भरून झाल्यावर मुलं उठण्याआधीचा तो वेळ आहे, आणि त्यात मी मुरबाडच्या रस्त्याने चालते.

चालते म्हणजे चालायचा प्रयत्न करते. रस्त्याला कडेची पट्टी नाही. डंपर अंगावरून जातात. कुत्री आहेत. हे सगळं मी सोसलं असतं, पण ओळखीचा प्रत्येक मोटरसायकलवाला थांबतो. "काकू, सोडू का?" मी नको म्हणते. "अहो बसा, त्याच वाटेने चाललोय." मी सांगते की मी व्यायामाला निघाले आहे. तो क्षणभर बघत राहतो, मग म्हणतो, "साहेबांशी काही झालं का?" बाई हातात पिशवी, कळशी किंवा मूल नसताना रस्त्याने चालली, तर तिचं काहीतरी बिनसलं आहे असंच इथे समजतात. मुलगे दर रविवारी माहुली किल्ला चढायला मुंबईहून आसनगावला उतरतात, मुलीही उतरतात, पायात बूट, पाठीवर पिशव्या. त्यांना कुणी थांबवून विचारत नाही की कुठे निघालात. त्याच माहुलीच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला रोज उत्तर द्यावं लागतं. दर वेळी थांबलं की लय तुटते, दम पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो, आणि पाऊण तासातली दहा मिनिटं लोकांची समजूत घालण्यात जातात. आता तर एक जण सासूबाईंना येऊन सांगून गेला, "वहिनी रस्त्याने एकट्याच फिरतात." सांगून गेला तो आमच्या नात्यातला आहे, म्हणून मी त्याचं नाव घेत नाही.

एवढं चालून साधारण एका भाकरीएवढे उष्मांक जळतात. म्हणजे नुसत्या चालण्याने भागणार नाही, ताट बदलायला हवं. ताटात भात कमी करायचा तर त्या जागी भाजी यायला हवी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. तेल २७ ग्रॅम, म्हणजे सगळ्या फोडण्या धरून. आमच्या पाच जणांचा हिशेब केला, तर मुलांचं कमी धरूनही रोज पावणेदोन किलो भाजी होते. पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुडीला काय पडतं ते बाजारात जाणाऱ्या बाईला विचारा. आमच्या तालुक्यांत भात निघाला की शेतकरी भेंडी करतात, आणि त्यातली कोवळी, एकसारखी भेंडी निवडून परदेशी जाते. जाऊ दे, त्यांना चार पैसे जास्त मिळतात. पण मागे राहिलेली जून भेंडी विळीवर करकरते, आणि ती मी खाते.

म्हणून परसबाग. ही माझी हौस आहे असं घरात सगळे म्हणतात. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणतात, "हिला झाडांचा नाद आहे." नाद नव्हे. उमेद अभियानाने गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांसाठी "माझी पोषण परसबाग" अशी मोहीम घेतली, ती हौसेसाठी नव्हती. रक्त वाढावं आणि घरच्या ताटात रोज हिरवं पडावं म्हणून होती. मला तेच करायचं आहे, फक्त जागा मिळाली पाहिजे.

जागा आहे. आमच्या घरामागे चांगलं परस आहे. त्यात पुढेमागे एक खोली काढायची म्हणून आणलेल्या विटा रचलेल्या आहेत. खोली पुढेच राहिली आहे, विटा मागे. त्यांच्या शेजारी वाळूचा ढीग, त्यावर मांजरं. एका कोपऱ्यात दिरांची बंद पडलेली मोटरसायकल, जी विकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. उरलेल्या जागेत मुलाचं क्रिकेट. मी वाफे आखले ते त्याने खेळपट्टीची रेघ समजून पुसले. मोटरसायकल हलवा असं सांगितलं तर दीर म्हणतात, "वहिनी, तिला काय खायला लागतं का?" त्यांना मी एवढंच सांगितलं की मला खायला लागतं.

बी रुजवलं की कोंबड्या. मेथी आणि कोथिंबीर पेरून माती सारखी करून उठावं, तर शेजारच्या कोंबड्या भिंतीवर वाटच बघत असतात. तक्रार केली तर शेजारीण म्हणते, "मुक्या जिवाला काय कळतंय ताई." कोंबडीला कळत नाही हे मान्य. कोंबडी कुणाची आहे हे शेजारणीला कळतं. भात निघाल्यावर गुरं मोकळी सोडतात, ती कुंपणाला शिंग घालून दुधीचा वेल ओढून नेतात. त्यावर निरगुडी आणि अडुळशाचं दाट कुंपण हा जुना उपाय आहे, कारण त्याला शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. मी फांद्या लावल्या. त्यातल्या निम्म्या कुणाच्या तरी बाळंतिणीच्या शेकाला उपटून नेल्या.

सासूबाईंशी माझा एकच मोठा वाद आहे आणि तो आच्छादनावरून आहे. वाफ्यावर पेंढा आणि पालापाचोळा पसरला की ऊन मातीला थेट लागत नाही, ओल टिकते, पाणी कमी लागतं. आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत तर त्याशिवाय गत्यंतर नाही. मी सकाळी पसरून कामावर जाते. संध्याकाळी येते तेव्हा परस आरशासारखं लखलखीत असतं, वाफे उघडे पडलेले असतात आणि कोपऱ्यात राखेचा ढीग असतो. अंगण-परस झाडलेलं नसलं तर घरात लक्ष्मी येत नाही, असं त्या मानतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने माझ्या मागे एवढं वाकून झाडलेलं असतं की मला बोलवत नाही. बोलले तर त्या म्हणतात, "कचरा कशाला ठेवायचा?"

आता पाण्याचं. हे मात्र लहान गाऱ्हाणं नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी मावतं, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणात. भातसा शहापूर तालुक्यात आहे. तानसा आमच्याच तालुक्यात, १८९२ पासून. वैतरणेवरचं मोडकसागरही लांब नाही. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरमार्गे मुंबईला जातं आणि सगळ्या तलावांचं मिळून रोज अडतीसशे दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी त्या शहराला मिळतं. त्यातलं काही तिथल्या गच्च्यांवरच्या कुंड्यांनाही जात असणार, आणि त्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कसारा-डोळखांबकडच्या पाड्यांवर टँकर येतो, बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणण्याच्या योजनेबद्दल आम्ही कित्येक वर्षं ऐकत आहोत. ज्या बाईला पिण्याचा हंडा लांबून आणावा लागतो तिला परसबाग लाव असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मोहिमा आखणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्या घरी नळ आहे, म्हणजे मी त्यातली सुखी. तरी चैत्र-वैशाखात दोन हंडे बागेला म्हटलं की सगळ्यांना पाण्याची किंमत आठवते. तीच माणसं मोटरसायकल धुतात तेव्हा आठवत नाही. मग मी म्हटलं, नवं पाणी नको, तांदूळ-डाळी आणि भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, मी ते वाफ्यांना घालीन. ओट्याखाली बादली ठेवली. त्या बादलीत आजवर चहाचा गाळ, साबणाचं पाणी आणि एकदा मुलाचे बूट सापडले. तांदळाचं पाणी बाजूला मोरीत जातं. बादली मोरीपासून हातभर अंतरावर आहे.

एवढ्या सगळ्यातून जे येतं त्यावर पहिला हक्क गावाचा. सकाळी उजाडायच्या आत जास्वंदीची फुलं गेलेली असतात, देवपूजेला, म्हणजे बोलायची सोय नाही. "दोन मिरच्या घेतल्या हं," असं सांगणारीच्या ओच्यात दोन मिरच्या नसतात. कढीपत्ता हवा असेल तर पानं खुडावीत. लोक फांदी मोडतात. मोडून, त्यातली पाच-सहा पानं घेऊन, उरलेली फांदी झाडाखाली टाकून जातात. एवढं साधं झाड, त्याला कुणाचं काही नको, आणि दर आठवड्याला त्याचा हात मोडलेला असतो. हे बघून मला जेवढा राग येतो तेवढा माझ्या वजनावर बोलणाऱ्यांचाही येत नाही.

दुधीचं तर सांगायलाच नको. वेलाची फुलं संध्याकाळी उमलतात. परागीभवन नीट झालं नाही तर कोवळी फळं पिवळी पडून गळतात, म्हणून मी कामावरून येऊन नर फूल तोडून मादी फुलावर हाताने टेकवते. फळमाशी फळाला डंख मारते, तिच्यासाठी सापळा लावते. भेंडीवर पांढरी माशी केवडा पसरवते, पानं पिवळी पडलेलं झाड दिसलं की उपटून टाकते. असं करून तीन चांगले दुधी धरले. पहिला देवीला, तो ठीक. दुसरा सासूबाईंनी नणंदेकडे पाठवला, तिसरा आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीत घातला, "घरचा आहे हो, बिनफवारणीचा." त्या रात्री आमच्याकडे बटाट्याची भाजी होती.

माझ्या आईकडे मुरबाडला असं होत नाही, कारण तिथे कुणी तिला बाग म्हणत नाही. शेताच्या बांधावर तूर, भात निघाल्यावर ओलीवर वाल, मांडवावर घोसाळी आणि काकडी, आणि पहिल्या पावसाआधी रानातली शेवळं. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं घालतात, हे तिला तिच्या आईने सांगितलं. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, असं आषाढ-श्रावणात रोज काही ना काही असतं. ठाकूर, कातकरी बाया मुरबाडच्या बाजारात रानभाज्यांचे वाटे लावून बसतात, आणि आता कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं, हे फार चांगलं आहे. या भाज्यांना ना हंडा लागतो ना कुंपण. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की शहापुरातल्या माझ्या मुलीला त्यातली एकही ओळखता येत नाही, आणि टाकळ्याची भाजी केली की माझ्याच घरी विचारतात, "हे काय रस्त्यावरचं आणलंस?" टाकळा खरंच रस्त्याच्या कडेला उगवतो. तो खाऊन आमच्या आया आवणीला उभ्या राहिल्या.

यंदा मिरगाच्या आधी मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं आहे. विटा मे महिन्यात हलतील, नाही हलल्या तर मी त्यांचेच वाफ्यांना बांध घालणार. मोटरसायकलीवर घोसाळ्याचा वेल सोडणार आहे, दिरांना तसं कळवलं आहे. उरलेलं अन्न आळीपाळीने, वार ठरलेले, सोमवार आणि गुरुवार मिस्टरांचे. पेंढ्याला हात लावायचा नाही. सासूबाईंसाठी पुढचं अंगण सगळं मोकळं ठेवलं आहे, तिथे त्यांनी हवं तेवढं झाडावं. पहिला दुधी देवीचा, दुसरा आमचा, नणंदेला तिसरा. सकाळच्या पाऊण तासात पाणी भरायचं काम मुलाकडे, तो आता बारा वर्षांचा आहे आणि हंडा नाही तरी कळशी उचलू शकतो. त्याने विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, मी चालत असेन. कढीपत्ता मात्र आतल्या दाराशी हलवते आहे. पानं हवी असतील त्यांनी कडी वाजवावी, मी खुडून देईन.